देवघेव वहीपासून डेटाबेसपर्यंत : पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी काही दिवस संध्याकाळी देवघेवीला बसायचो. एकदा एका सभासदाने विचारलं, "ते शेळीपालनाचं पुस्तक परत कधी येईल?" मी दाखल नोंदवहीत पुस्तकाचा दाखल क्रमांक शोधला. मग देवघेवीच्या वहीची पानं मागे मागे उलटत तो क्रमांक शोधला. सापडला, पण त्याच्यापुढे नुसतं 'जोशी' लिहिलेलं. सभासदांच्या वहीत जोशी सात होते. यात पाऊण तास गेला आणि समोरचा माणूस तोवर निघून गेला.

त्या पाऊण तासात मी एका वहीतला क्रमांक घेऊन दुसऱ्या वहीत गेलो आणि तिथून तिसऱ्या. डेटाबेस हेच काम करतो. हे कळल्यावर पुस्तकातल्या सगळ्या व्याख्या आपोआप जागेवर बसल्या. त्याआधी 'डेटाबेस म्हणजे माहितीचा सुव्यवस्थित साठा' हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण त्याने मला काहीच दिलं नव्हतं.

बहुतेक ठिकाणी शिकवायची सुरुवात प्रकारांच्या यादीने होते : रिलेशनल, डॉक्युमेंट, ग्राफ वगैरे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपल्याला माहितीला कोणते प्रश्न विचारायचे आहेत यावरून प्रकार ठरतो. म्हणून या लेखात आधी प्रश्न येतील, मग प्रकार, मग प्रत्यक्ष बांधणी. उदाहरण शेवटपर्यंत एकच, वाचनालयाचं.

पहिली पायरी : संगणक बंद ठेवून प्रश्न लिहा

एक कोरा कागद घ्या. काउंटरवर बसणारा माणूस दिवसभरात जे प्रश्न विचारतो किंवा त्याला विचारले जातात, ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. आमच्या कागदावर हे आले होते :

हे पुस्तक आत्ता कोणाकडे आहे?
पंधरा दिवस उलटूनही कोणी पुस्तक परत केलेलं नाही?
या पुस्तकाच्या आपल्याकडे प्रती किती आणि त्यातल्या कपाटात किती?
एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती?
या सभासदाची अनामत किती जमा आहे?

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. ज्या माहितीबद्दल कागदावर एकही प्रश्न नाही, ती माहिती गोळाच करायची नाही. सभासदाचा आधार क्रमांक, जन्मतारीख, जात यांच्यावाचून वरचा एकही प्रश्न अडत नाही. मग ते रकाने हवेत कशाला? लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जितकी कमी साठवाल, तितकी तिची काळजी घेणं सोपं.

दुसरी पायरी : एक्सेलची शीट बिघडू द्या

ही पायरी गाळू नका, शिकवत असाल तर मुळीच नाही. एका शीटमध्ये हे रकाने करा : सभासदाचं नाव, मोबाईल, पुस्तकाचं नाव, लेखक, दिल्याची तारीख, परतीची तारीख. वीस-पंचवीस देवघेवी भरा आणि मग तीन गोष्टी करून पाहा.

एका सभासदाचा मोबाईल नंबर बदलला असं समजा. त्याने नऊ पुस्तकं नेली असतील तर नऊ ओळी बदलाव्या लागतील. आठच बदलल्या गेल्या, तर पुढच्या महिन्यात कोणता नंबर खरा हे सांगायला कोणी नसतं. आता एका सभासदाची एकमेव ओळ पुसा. पुस्तकाची नोंद गेली आणि तिच्याबरोबर सभासदही गेला. शेवटी, आजच नाव घातलेल्या आणि अजून एकही पुस्तक न नेलेल्या सभासदाला कुठे लिहायचं ते पाहा. पुस्तकाचे रकाने रिकामे ठेवून त्याला जबरदस्तीने घुसवावं लागतं.

चौथी अडचण न करताच झालेली असते. 'सौ. जोशी', 'जोशी वहिनी' आणि 'जोशी सुनंदा' ही एकाच बाईंची तीन नावं शीटमध्ये आलेली असतात, आणि यंत्राच्या लेखी त्या तीन बायका आहेत.

हे बिघडलेलं डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस स्वतःच म्हणतो, "सभासदांची वही वेगळी हवी आणि इथे नुसता सभासद क्रमांक लिहायला हवा." नेमकं हेच वाक्य त्याच्या तोंडून यायला हवं. पुस्तकी भाषेत याला नॉर्मलायझेशन म्हणतात. शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

सातबारा वाचता येत असेल, तर रिलेशनल डेटाबेस येतो

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरात ही कल्पना कागदावर फार पूर्वीपासून आहे. गाव नमुना ७ मध्ये गट क्रमांकाप्रमाणे जमिनीचे मालक लिहिलेले असतात, तर गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीवरची पिकं. मालकाच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. जमीन विकत घेतली, वारसाने आली की वाटणीत मिळाली, ही सगळी हकिकत सातबारावर नसते. ती गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते, आणि सातबारावर फक्त तिचा क्रमांक येतो.

आता हेच डेटाबेसच्या भाषेत पाहा. प्रत्येक नमुना म्हणजे एक टेबल, म्हणजेच तक्ता. फेरफार नोंदवहीत एक क्रमांक एकाच नोंदीला मिळतो, ती तिची प्रायमरी की. तोच क्रमांक सातबारावर येतो तेव्हा ती फॉरिन की होते : दुसऱ्या वहीकडे बोट दाखवणारा क्रमांक. त्या बोटाच्या दिशेने जाऊन दोन वह्यांतल्या ओळी शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे जॉइन.

आणि ८अ? एका गटाचे मालक कोण, हे सातबारा सांगतो. एका खातेदाराच्या नावावर गावात कुठे कुठे किती जमीन आहे, हे ८अ सांगतो. माहिती बरीचशी तीच, प्रश्न उलट बाजूने विचारलेला. कागदाच्या जगात उलट प्रश्नासाठी वेगळी वही ठेवावी लागायची आणि दोन्ही वह्या जुळत्या ठेवायची जबाबदारी माणसावर असायची. रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती एकदाच लिहायची आणि प्रश्न कोणत्याही बाजूने विचारायचा.

ही मोकळीक मिळाली ती संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या शोधनिबंधामुळे. कॉड तेव्हा आयबीएम या संगणक कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. त्याआधीच्या व्यवस्थांत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा एकमेकींना बांधलेल्या साखळ्यांसारखी ठेवलेली असे. आयबीएमची आयएमएस ही झाडासारखी व्यवस्था अपोलो मोहिमेच्या यानाच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी उभी राहिली. तिच्यात कोणत्या फांदीवरून कुठे उतरायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. ठरलेल्या वाटेवरचा प्रश्न पटकन सुटे, वाट सोडून विचारलेला प्रश्न मात्र अडे. कॉड यांचं म्हणणं असं की काय हवं ते माणसाने सांगावं, वाट यंत्राने शोधावी. त्याच आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या कल्पनेवर भाषा तयार केली. तिचं नाव होतं सीक्वेल. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे पुढे ते एसक्यूएल झालं, पण तोंडात अजूनही 'सीक्वेल' येतंच. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठा सन्मान, मिळाला.

बाकीचे प्रकार, प्रश्नांवरून

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. चपला द्यायच्या, बिल्ला घ्यायचा, बिल्ला दिला की चपला परत. काम अतिशय वेगाने होतं, पण "काळ्या कोल्हापुरी चपला किती आल्यात?" असं विचारलंत तर त्या माणसाला सगळे खण धुंडाळावे लागतील. हा की-व्हॅल्यू डेटाबेस. २००९ साली आलेला रेडिस त्यातला सर्वांत परिचित. तो माहिती मुख्यतः मेमरीत ठेवतो, म्हणून झटपट चालतो. लॉगिन केलेला माणूस कोण आहे हे थोडा वेळ लक्षात ठेवणं, मोबाईलवर आलेला ओटीपी पाच मिनिटं जपणं, अशा कामांना तो उत्तम.

डॉक्युमेंट डेटाबेस समजून घ्यायला वाचनालयाचं जुनं कपाट उघडा. छापील पुस्तकाला प्रकाशक असतो, आवृत्ती असते. मासिकाला महिना आणि अंक असतो. हस्तलिखित पोथीला यातलं काहीच नसतं, तिला लिपिकार असतो, पत्रसंख्या असते, आणि एखादं पान वाळवीने खाल्लेलं असतं. या सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवलं तर निम्मे रकाने रिकामे राहतात. अशा वेळी प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र कागद करायचा आणि ज्याला जे लागू ते त्यावर लिहायचं. मोंगोडीबी असे कागद सांभाळतो, एका कागदाची मर्यादा १६ एमबी. पण एक गोष्ट आवर्जून सांगतो. नुसतं 'आमची माहिती वेगवेगळ्या आकाराची आहे' एवढ्या कारणासाठी नवशिक्याने रिलेशनल सोडू नये. पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्येही तक्त्याच्या एका रकान्यात असा मोकळा कागद ठेवता येतो.

ग्राफ डेटाबेसचा जीव नात्यांत असतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळीत घराण्यांच्या पिढ्या नोंदवलेल्या असतात. 'या माणसाच्या पणजोबांच्या भावाची नातवंडं कोण?' असा प्रश्न तक्त्यांत विचारायला जॉइनवर जॉइन चढवावे लागतात. निओफोरजेसारख्या ग्राफ डेटाबेसमध्ये माणूस हा ठिपका आणि नातं ही रेघ, म्हणून असा प्रश्न सरळ रेघांवरून चालत सुटतो. पाहुण्यांतली नाती, रस्त्यांची जाळी, पैसे एका खात्यातून पाच खात्यांत फिरवून झालेली फसवणूक, हे सगळे त्याचे प्रश्न.

पर्जन्यमापक किंवा धरणाचा पाणीसाठा रोज, कधी तासातासाला, एक आकडा देतो. जुना आकडा सहसा बदलत नाही. प्रश्न नेहमी 'कधीपासून कधीपर्यंत' अशा रूपात येतो. त्यासाठी टाइम-सीरीज डेटाबेस : इन्फ्लक्सडीबी, किंवा पोस्टग्रेसवरच उभा असलेला टाइमस्केलडीबी. कॅसँड्रा हा फेसबुकमध्ये जन्मलेला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला प्रकार अनेक संगणकांवर पसरलेल्या प्रचंड नोंदींसाठी आहे. तिथे प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा तक्ता आधीच बांधून ठेवतात. हल्ली व्हेक्टर डेटाबेसचं नाव सारखं कानावर येतं. तो मजकुराच्या अर्थाचे आकडे करून जवळचे आकडे शोधतो, म्हणजे 'विहीर आटली' असं शोधल्यावर 'भूजल पातळी' असं शीर्षक असलेलं पुस्तकही सापडू शकतं.

आता आपला प्रश्नांचा कागद पुन्हा पाहा. सभासद, पुस्तक, देवघेव या ठरावीक आकाराच्या नोंदी आहेत, त्या एकमेकींना क्रमांकांनी जोडलेल्या आहेत, आणि प्रश्न कुठल्याही बाजूने येणार आहेत. म्हणजे रिलेशनल. पहिला डेटाबेस शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी हेच सांगतो.

तिसरी पायरी : एसक्यूलाइटवर बांधणी

रिलेशनलमध्येही ओरॅकल, मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस असे बरेच आहेत. सुरुवात एसक्यूलाइटने करा. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली आणला. तो मोफत आहे, त्याला सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये, अँड्रॉइड असो वा आयफोन, तो आत्ताही चालू आहे.

काम करायला 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. उघडल्यावर 'न्यू डेटाबेस' दाबा आणि फाइलला नाव द्या. तक्ता तयार करायची खिडकी आपोआप उघडेल. पहिल्या वेळी ती बंद करा आणि 'एक्झिक्यूट एसक्यूएल' या टॅबवर जा. खिडकीतले चौकोन भरून तक्ता होतो खरा, पण हाताने कमांड लिहिली की काय झालं ते डोक्यात राहतं.

एक सूचना. पुढच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना क्रिएट, सिलेक्ट, व्हेअर, डेट, नाऊ असे भाषेचे शब्द आणि सगळे अंक इंग्रजीत लिहायचे. तक्त्यांची आणि रकान्यांची नावं मात्र एसक्यूलाइटला मराठीत चालतात, शब्दांच्या मध्ये जागेऐवजी खालची रेघ द्या.

तक्ते किती? प्रश्नांच्या कागदावरची नामं मोजा. सभासद, पुस्तक, देवघेव असे तीन दिसतील, आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. 'या पुस्तकाच्या प्रती किती?' या प्रश्नात पुस्तक आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीर्षक आणि लेखक पुस्तकाचे असतात. फाटते, हरवते, घरी जाते ती प्रत. दाखल क्रमांकही प्रतीला असतो. एकाच पुस्तकाच्या चार प्रतींना चार दाखल क्रमांक मिळतात, हे कोणताही ग्रंथपाल झोपेतसुद्धा सांगेल. म्हणून तक्ते चार.

क्रिएट टेबल सभासद (
सभासद_क्र इंटिजर प्रायमरी की,
नाव टेक्स्ट नॉट नल,
मोबाईल टेक्स्ट,
अनामत इंटिजर
);

क्रिएट टेबल पुस्तक (
पुस्तक_क्र इंटिजर प्रायमरी की,
शीर्षक टेक्स्ट नॉट नल,
लेखक टेक्स्ट
);

क्रिएट टेबल प्रत (
दाखल_क्र इंटिजर प्रायमरी की,
पुस्तक_क्र इंटिजर नॉट नल रेफरन्सेस पुस्तक(पुस्तक_क्र)
);

क्रिएट टेबल देवघेव (
नोंद_क्र इंटिजर प्रायमरी की,
दाखल_क्र इंटिजर नॉट नल रेफरन्सेस प्रत(दाखल_क्र),
सभासद_क्र इंटिजर नॉट नल रेफरन्सेस सभासद(सभासद_क्र),
दिली टेक्स्ट नॉट नल,
परत टेक्स्ट
);

इंटिजर म्हणजे पूर्णांक, टेक्स्ट म्हणजे मजकूर, नॉट नल म्हणजे हा रकाना रिकामा चालणार नाही, आणि रेफरन्सेस म्हणजे फॉरिन की. मोबाईल नंबर टेक्स्ट का? कारण आपण त्याची बेरीज कधी करणार नाही, आणि पुढे शून्य किंवा अधिक चिन्ह असेल तर आकडा म्हणून साठवताना ते गळून पडतं. तारीखही टेक्स्टच, कारण एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही. ती नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा : २०२५-०३-०५. अशी लिहिली की अक्षरक्रमाने लावलं तरी तारखा बरोबर क्रमाने लागतात. ०५/०३/२५ असं लिहिलंत तर मार्चच्या पाच तारखेनंतर एप्रिलची पाच तारीख येईल आणि मार्चची सहा तारीख खूप मागे पडेल.

'परत' या रकान्याला 'नॉट नल' लावलेलं नाही, ते मुद्दाम. पुस्तक घरी असताना तिथे काहीच नसतं, आणि ते 'काहीच नसणं' हीच आपली मुख्य खूण आहे.

चौथी पायरी : डेटाबेसला पहारेकरी बनवा

वही चुकीचं लिहू देते. डेटाबेसला मात्र नकार द्यायला शिकवता येतं. 'एडिट प्रॅग्माज' टॅबवर 'फॉरिन कीज' समोर खूण आहे ना ते पाहा, कारण एसक्यूलाइट स्वतःहून ही तपासणी बंद ठेवतो. मग प्रत्येक तक्त्यात दोन-चार ओळी भरा आणि अस्तित्वात नसलेल्या सभासदाला पुस्तक देऊन पाहा :

इन्सर्ट इंटू देवघेव (दाखल_क्र, सभासद_क्र, दिली)
व्हॅल्यूज (४३१२, ९९९, '२०२५-०३-०५');

'फॉरिन की कन्स्ट्रेंट फेल्ड' असा संदेश येईल. घाबरू नका, हा संदेश म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. (४३१२ या क्रमांकाची प्रत आधी भरलेली असू द्या, नाहीतर नकार कशामुळे आला ते कळणार नाही.)

आता वहीत नेहमी होणारी चूक पाहू. एकच प्रत, परत न येता, दोघांच्या नावावर. यासाठी एक ओळ पुरते :

क्रिएट युनिक इंडेक्स एक_प्रत_एक_घर
ऑन देवघेव(दाखल_क्र) व्हेअर परत इज नल;

म्हणजे, ज्या नोंदींत परतीची तारीख नाही, त्यांच्यात एक दाखल क्रमांक एकदाच येऊ शकतो. जुन्या, परत आलेल्या नोंदींत तो कितीही वेळा आला तरी हरकत नाही. मला डेटाबेसमधली ही ओळ फार आवडते. वाचनालयाचा नियम एका वाक्यात, आणि तो मोडायचा म्हटला तरी मोडता येत नाही.

केलेले बदल 'राइट चेंजेस' दाबल्याशिवाय फाइलमध्ये पक्के होत नाहीत. चुकलंच तर 'रिव्हर्ट चेंजेस' दाबायचं. ही दोन बटणं नीट कळली की नवशिक्याची भीती जाते. मुद्दाम एकदा 'डिलीट फ्रॉम देवघेव;' अशी व्हेअर नसलेली कमांड चालवा, सगळ्या नोंदी गेलेल्या बघा आणि रिव्हर्ट करून परत आणा. तो धक्का सरावाच्या फाइलवर बसलेला बरा.

पाचवी पायरी : कागदावरचे प्रश्न विचारा

कोणतं पुस्तक कोणाकडे आहे?

सिलेक्ट सभासद.नाव, पुस्तक.शीर्षक, देवघेव.दिली
फ्रॉम देवघेव
जॉइन सभासद ऑन सभासद.सभासद_क्र = देवघेव.सभासद_क्र
जॉइन प्रत ऑन प्रत.दाखल_क्र = देवघेव.दाखल_क्र
जॉइन पुस्तक ऑन पुस्तक.पुस्तक_क्र = प्रत.पुस्तक_क्र
व्हेअर देवघेव.परत इज नल;

वरून खाली नुसती वाचून पाहा. देवघेवीची वही उघड, सभासद क्रमांकावरून सभासदांच्या वहीत जा, दाखल क्रमांकावरून दाखल नोंदवहीत जा, तिथून पुस्तकापर्यंत जा, आणि परत न आलेल्या नोंदीच ठेव. शेळीपालनाच्या पुस्तकासाठी मी पाऊण तासात हेच केलं होतं. 'इज नल' या जागी '= नल' लिहू नका. नल म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसलेली गोष्ट कशाच्याही बरोबर आहे असं डेटाबेस म्हणत नाही. एरर येत नाही, नुसतं उत्तर रिकामं येतं, म्हणून ही चूक शोधायला त्रास होतो.

मुदत उलटलेल्यांसाठी शेवटच्या ओळीत भर घाला :

व्हेअर देवघेव.परत इज नल
अँड देवघेव.दिली < डेट('नाऊ', 'लोकलटाइम', '-१५ डेज');

'लोकलटाइम' विसरलात तर 'नाऊ' ग्रीनिचच्या घड्याळाने चालतं. आपलं घड्याळ त्याच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत ते कालचीच तारीख सांगतं.

एकदाही बाहेर न गेलेल्या प्रती शोधायला साधा जॉइन कामाचा नाही, कारण तो दोन्ही वह्यांत सापडणाऱ्याच ओळी देतो. आपल्याला न सापडणाऱ्या हव्यात :

सिलेक्ट पुस्तक.शीर्षक, प्रत.दाखल_क्र
फ्रॉम प्रत
जॉइन पुस्तक ऑन पुस्तक.पुस्तक_क्र = प्रत.पुस्तक_क्र
लेफ्ट जॉइन देवघेव ऑन देवघेव.दाखल_क्र = प्रत.दाखल_क्र
व्हेअर देवघेव.नोंद_क्र इज नल;

लेफ्ट जॉइन डावीकडची प्रत्येक प्रत ठेवतो, जोडीदार मिळो न मिळो. न मिळाल्यास जोडीदाराच्या जागा रिकाम्या, आणि आपण त्या रिकाम्या जागाच वेचतो. प्रती मोजणं आणि अनामत पाहणं हे दोन प्रश्न मी तुमच्यासाठी ठेवतो. पहिल्यासाठी 'काउंट' आणि 'ग्रुप बाय' लागेल, दुसऱ्याला एकच तक्ता पुरेल.

मराठी मजकुराच्या खाचाखोचा

इंग्रजी शिकवण्यांत हा भाग नसतो, आणि मराठीत काम करणारा इथेच अडकतो.

जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. अशी यादी डेटाबेसमध्ये भरली की सगळा गिचमिडकाला दिसतो. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, आणि बदललेल्या यादीतली जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

युनिकोडमध्येही एकसारखं दिसणारं एकसारखं असेलच असं नाही. 'ॲड.' मधलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं : एक अखंड अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. 'दऱ्या' मधला ऱ्यही असाच दोन तऱ्हांनी उमटतो. पडद्यावर फरक दिसत नाही, शोधताना मात्र अर्धे वकील सापडत नाहीत. नोंद भरतानाच एक तऱ्हा ठरवा आणि जुन्या नोंदी बदलून त्याच तऱ्हेच्या करा.

देवनागरी अंकांचंही तसंच. '१२३' हा एसक्यूलाइटसाठी आकडा नाही, मजकूर आहे. त्याची बेरीज करायला गेलात तर तो शून्य धरला जातो. साठवताना इंग्रजी अंक, छापताना हवे तर मराठी.

आणि क्रम. एसक्यूलाइट युनिकोडच्या क्रमाने अक्षरं लावतो. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो आणि क्ष हा क च्या पोटात. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ह नंतर येतात. छोट्या यादीत हे चालून जातं. ग्रंथसूची छापायची असेल तर भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय असलेला पोस्टग्रेस घ्या. एकाच वेळी दोन-तीन संगणकांवरून नोंदी करायच्या असतील तरी तोच घ्या. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो, आणि नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये त्याची फाइल ठेवणं धोक्याचं असतं.

दुसऱ्यासाठी लिहायला बसाल तेव्हा

हे सगळं शिकून झाल्यावर तुम्ही मराठीत लिहावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या भाषेत असं लेखन फार थोडं आहे. दोन-तीन गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्या आहेत. प्रायमरी कीला 'प्राथमिक कळ' करू नका. एकदा दाखल क्रमांकाच्या उदाहरणाने समजावा आणि पुढे प्रायमरी कीच म्हणा. वाचकाला उद्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आणि नोकरीच्या मुलाखतीत तोच शब्द भेटणार आहे. उदाहरण वाचकाच्या रोजच्या कामातलं घ्या. किराणा दुकानाची उधारीची वही, दूध संकलन केंद्राचं फॅटचं रजिस्टर, भिशीचा हिशोब, प्रत्येकात चार-पाच तक्ते दडलेले आहेत. एका लेखात उदाहरण मात्र एकच असू द्या. दर परिच्छेदाला नवं उदाहरण आलं की वाचकाची निम्मी शक्ती ते समजून घेण्यातच जाते.

प्रत्येक कमांड कोऱ्या फाइलवर, लेखात आहे त्याच क्रमाने, पहिल्यापासून चालवून पाहा. तुमच्या संगणकावर आधीच असलेला तक्ता वाचकाकडे नसतो. कुठे एरर येणार हे तुम्हाला माहीत असतं, तो संदेश जसाच्या तसा लेखात द्या आणि त्याचा अर्थ सांगा.

लेख पुरा झाला की कधीही डेटाबेस न पाहिलेल्या एखाद्याला संगणकासमोर बसवा, लेखाची छापील प्रत त्याच्या हातात द्या आणि तुम्ही मागे गप्प बसा. मदत करायची नाही, सुचवायचं नाही. त्याचं बोट ज्या ओळीवर थांबेल त्या ओळीसमोर पेन्सिलने खूण करा. रात्री घरी गेल्यावर त्या खुणांपासून लेख पुन्हा लिहायला घ्या.